बंद-चालू केले की सुरू होणारे आणि पुन्हा बंद पडणारे वायफाय: कोकणातल्या घरांसाठी तपासणीची पद्धत

कोकणात फायबरची जोडणी आता तालुक्याच्या गावाबाहेर अनेक वाड्यांपर्यंत पोहोचली आहे, आणि तिच्याबरोबर एक तक्रारही वरचेवर ऐकू येते. वायफाय दिवसातून एकदा-दोनदा बंद पडते, राउटर बंद करून पुन्हा चालू केला की सुरळीत होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. हा बिघाड चिवट वाटतो याचे कारण असे की, बंद-चालू केल्याने अनेक वेगवेगळी दुखणी तात्पुरती बरी होतात. अडकलेली जोडणी नव्याने जुळते, राउटर लहरींचा कमी गर्दीचा मार्ग, म्हणजे चॅनेल, निवडतो, तापलेला डबा थोडा निवतो आणि फोनांना पत्ते पहिल्यापासून वाटले जातात. लक्षण जाते, पण ते कशामुळे आले होते याचा पुरावाही त्यासोबत पुसला जातो. म्हणून वायफाय गेले की बटणाकडे हात नेण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून डब्यावरचे दिवे पाहावेत आणि पुढे दिलेली एक तपासणी करावी.

ही तपासणी सोपी आहे. फोनचा मोबाइल डेटा बंद करावा, कारण तो चालू असला की फोन गुपचूप त्यावर जातो आणि आपली फसगत होते. मग वायफायला जोडलेले राहून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा. तो बहुतेक डब्यांच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हे नेहमीचे पत्ते आहेत, आणि ते अर्थातच इंग्रजी अंकांत टाइप करायचे असतात. राउटरचे पान चटकन उघडले, तर फोनपासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे आणि दोष बहुधा त्याच्या पुढे, म्हणजे फायबरमध्ये किंवा कंपनीकडे आहे. वायफायच्या रेघा भरलेल्या दिसत असूनही पान उघडले नाही, तर दोष घरातच आहे आणि कंपनीकडे तक्रार करून काही उपयोग होणार नाही. डब्यावरचे सगळेच दिवे विझलेले असतील किंवा नुकतेच एकेक करून लागत असतील, तर प्रश्न विजेचा आहे. ही तीन दुखणी वेगळी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच चांगले राउटर बदलले जातात आणि बिघाड तसाच राहतो.

विजेपासून सुरुवात

आपल्याकडे पावसाळ्यात माडाची झावळ किंवा आंब्याची फांदी तारेला टेकली की वीज क्षणभर जाते आणि लगेच येते. दिवा फक्त लुकलुकतो, पण राउटरला तेवढा खंड पुरतो. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि पूर्ण जागा व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. इन्व्हर्टर असलेल्या घरांतही हे घडते, कारण वीज जाऊन बॅटरीवर येईपर्यंत जो अल्पसा वेळ जातो तो पंख्याला जाणवत नाही, राउटरला जाणवतो. अनेक घरगुती इन्व्हर्टरवर साधा मोड आणि यूपीएस मोड असा निवडीचा खटका असतो. तो यूपीएसवर ठेवला की ही अदलाबदल जलद होते आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. तो घेताना आपल्या डब्याच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात, आणि पिनेचे धन-ऋण चिन्हही तेच असावे लागते.

फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील, तर वीज आल्यावर दोन्ही एकदम सुरू होतात. कधीकधी राउटर आधी जागा होऊन पलीकडे जोडणी शोधतो, ती तयार नसल्याने हार मानतो आणि तसाच अडकून बसतो. अशा वेळी आधी फायबरचा डबा लावावा, त्याचा पॉन नावाचा, फायबरची जोडणी जुळल्याचे दाखवणारा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की मग राउटर लावावा. छोटा यूपीएस एकच घ्यायचा असेल आणि त्याला दोन पिना असतील, तर दोन्ही डबे त्यावरच चालवावेत.

जुन्या अडॅप्टरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हा दोष सहज ओळखू येत नाही. अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने वर्षागणिक क्षीण होत जातात. मग रिकामा असताना तो बरोबर १२ व्होल्ट देतो, पण संध्याकाळी घरातले सगळे फोन, टीव्ही आणि कॅमेरे एकदम कामाला लागले की त्याच्या विजेचा दाब घसरतो आणि राउटर आपोआप पुन्हा सुरू होतो. लोकांना वाटते, संध्याकाळी नेटवर गर्दी होते. राउटरच्या पानावर तो किती वेळ अखंड चालू आहे हे लिहिलेले असते. वीज गेलेली नसतानाही तो काल संध्याकाळपासूनच चालू असल्याचे दाखवत असेल, तर राउटर बदलण्याआधी अडॅप्टर बदलून पाहावा.

विजेच्या कडकडाटाची गोष्ट निराळी आहे. मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात जेव्हा गडगडाट होतो, तेव्हा अडॅप्टर सॉकेटमधून उपटून ठेवणे हाच भरवशाचा उपाय आहे. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे दामिनी हे ॲप जवळपास वीज पडत असल्याची सूचना देते, ते फोनवर असावे. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरे, पण खांबावरून घरात येणाऱ्या केबलला ताण सोसण्यासाठी बहुधा पोलादी तार असते. ती तार बाहेरच्या हुकापाशीच थांबवायला सांगावी, राउटरपर्यंत आत आणू देऊ नये.

चिऱ्याची भिंत

घरातल्या घरात रेंज न मिळण्याचे मुख्य कारण आपल्या भिंती आहेत. शहरातल्या सदनिकेत बहुतेक आडभिंती चार इंची विटांच्या असतात, आणि राउटरच्या खोक्यावर छापलेला पल्ला त्याहूनही मोकळ्या जागेसाठी असतो. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत फुटाच्या आसपास जाड असते, जुन्या घरांत त्याहूनही जाड, आणि जांभा सच्छिद्र असल्याने पावसात पाणी धरून ठेवतो. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेते. त्यामुळे मे महिन्यात माजघरातून पडवीपर्यंत पोहोचणारे वायफाय जुलैत उंबऱ्यापाशीच संपते, आणि राउटर खराब झाला असा समज होतो. बाहेरून गिलावा व रंग असलेल्या भिंतीत हा फरक कमी पडतो, उघड्या चिऱ्याच्या भिंतीत अधिक.

इथे वायफायच्या दोन बँडांमधला, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांमधला, फरक कामाचा आहे. ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असतो, पण जाड भिंतीपुढे लवकर नमतो. २.४ गिगाहर्ट्झचा बँड मंद असला तरी भिंतीतून बराच पुढे जातो. दोन्हींना एकच नाव दिलेले असेल, तर ओटीवर बसलेल्या माणसाचा फोन ५ गिगाहर्ट्झलाच चिकटून राहतो, रेघ एकच उरते, आणि वायफाय जोडलेले दिसूनही काहीच उघडत नाही. अशा घरात दोन्ही बँडांना वेगवेगळी नावे द्यावीत आणि राउटर असलेल्या खोलीबाहेर २.४ चे नाव वापरावे. कॅमेरे, स्मार्ट प्लग अशी अनेक उपकरणे फक्त २.४ वरच चालतात, त्यांच्यासाठीही हे सोयीचे पडते.

चॅनेल बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो कुठे लागू आहे हे पाहायला हवे. रत्नागिरी, चिपळूण किंवा अलिबागच्या इमारतीत शेजारच्या दहा घरांचे राउटर एकमेकांवर आदळतात. तिथे २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडावा आणि रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवावी, कारण हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता मावतात. वाडीतल्या सुट्या घराला मात्र शेजारी शंभर पावलांवर असतो. तिथे चॅनेल बदलत बसणे व्यर्थ आहे. अडथळा भिंतीचा आहे आणि तो जागा बदलूनच सुटतो.

राउटर जिथून केबल आत आली त्या खिडकीपाशी, टीव्हीच्या मागे किंवा पोलादी कपाटावर ठेवलेला असतो, आणि बिचाऱ्याला घराच्या एका कोपऱ्यातून सगळे घर सांभाळावे लागते. कंपनीच्या माणसाकडून केबल थोडी जास्त लांब घेऊन तो माजघरात, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, दोन दारांच्या रेषेत येईल असा बसवावा. दार हा भिंतीतला मोकळा मार्ग आहे आणि त्याचा फायदा घ्यावा. गच्चीवर पावसासाठी घातलेल्या लोखंडी पत्र्याखाली माडीवर बसायची जागा असेल, तर खालचा राउटर तिथे फारसा पुरणार नाही. मधल्या स्लॅबमधली सळई लहरी अडवते. आणि ओलाव्याच्या भीतीने राउटरला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये. तो स्वतःच्या उबेने कोरडा राहतो, पिशवीत मात्र तापतो.

दुसरा राउटर जोडताना

भिंतींवरचा खरा इलाज म्हणजे पलीकडच्या बाजूला दुसरा राउटर, तोही केबलने जोडलेला. बिनतारी एक्स्टेंडर ओल्या चिऱ्यापलीकडे ठेवला तर त्याला स्वतःलाच क्षीण सिग्नल मिळतो आणि तो तेवढाच पुढे वाटतो. केबलने जोडलेला जुना राउटरही उत्तम काम देतो, पण इथेच एक असा बिघाड जन्माला येतो जो महिनोन्‌महिने सापडत नाही.

प्रत्येक राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. दुसरा राउटर मांडणी न बदलता त्याच्या लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) छिद्रातून तसाच जोडला की घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. एखाद्या फोनला पहिल्याकडून पत्ता मिळतो आणि तो चालतो; दुसऱ्या फोनला दुसऱ्याकडून मिळतो आणि त्याला बाहेरचा रस्ताच सापडत नाही. त्यात दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर गोंधळ पूर्ण होतो. फोनचे वायफाय बंद-चालू केले की कधी बरोबर पत्ता मिळतो, कधी चुकीचा, म्हणून बिघाड लहरी वाटतो. उपाय असा: दुसरा राउटर मुख्य राउटरला न जोडता फक्त लॅपटॉपला जोडावा, त्याच्या पानावर जाऊन त्याचा पत्ता (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर) १९२.१६८.१.२ करावा, डीएचसीपी बंद करावे, मग मुख्य राउटरची केबल त्याच्या वॅन (बाहेरची जोडणी येते त्या) छिद्रात न घालता लॅनच्या एखाद्या छिद्रात घालावी. ज्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड आहे तिथे हेच काम एका निवडीत होते. हा १९२.१६८.१.२ पत्ता मुख्य राउटर दुसऱ्या कुणाला देणार नाही, याची काळजी म्हणून त्याची वाटपाची यादी १० (पत्त्याचा शेवटचा आकडा) पासून सुरू करावी.

केबल घेताना अस्सल तांब्याची, कॅट ६ लिहिलेली घ्यावी. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा फक्त मुलामा असून आत ॲल्युमिनियम असते, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ते टोकांशी लवकर गंजते. मालवण, देवगड, गुहागर, हर्णै अशा ठिकाणी प्लग काढून पाहिले तर पट्ट्यांवर हिरवट थर दिसतो. तो दिसला की प्लग पुसत बसण्यापेक्षा टोक कापून नवा प्लग बसवून घ्यावा. राउटरची न वापरलेली छिद्रे मुंग्यांची आवडती जागा असते, त्यांना रबरी बूच लावावे.

घरापासून वेगळ्या असलेल्या मांगरापर्यंत किंवा पर्यटकांच्या खोल्यांपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अंतर १०० मीटरच्या आत असले तरी जवळपास पडलेल्या विजेचा झटका त्या केबलमधून दोन्ही टोकांची उपकरणे जाळू शकतो. दोन इमारतींमध्ये फायबरची तार आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि केबलमधला सिग्नल यांची अदलाबदल करणारा छोटा डबा) लावावा. खर्च थोडा अधिक आहे, पण एका पावसाळ्यात जळणाऱ्या दोन राउटरपेक्षा तो कमीच पडतो.

गणपतीत आणि हंगामात

वर्षभर नीट चालणारे वायफाय चतुर्थीच्या आदल्या रात्री बंद पडते, याचे कारण मुंबईहून आलेले चाकरमानी आणि त्यांचे फोन. काही डबे एका बँडवर ३२ उपकरणांपलीकडे जोडणीच देत नाहीत, आणि पत्त्यांची यादी लहान ठेवलेली असेल तर ती भरून जाते. मग नवा फोन पत्ता मिळवण्याच्या संदेशावरच थांबून राहतो, किंवा स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा निरुपयोगी पत्ता घेतो. सणाच्या आधीच यादी १० ते २५० अशी वाढवावी आणि पत्ता ठेवण्याची मुदत २४ तासांवरून दोन तासांवर आणावी, म्हणजे निघून गेलेल्या पाहुण्याचा पत्ता पुढच्याला मिळतो. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी हीच मांडणी कायम ठेवावी, पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे आणि त्याचा पासवर्ड हंगामागणिक बदलावा. घरचे कॅमेरे आणि देयकांचा संगणक त्या नेटवर्कवर कधीही असू नयेत.

कॅमेऱ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आंब्याच्या हंगामात बागेत बसवलेले चार-पाच कॅमेरे दिवसरात्र चित्रण इंटरनेटवर चढवत असतील, तर वर चढवण्याची क्षमता भरून जाते, आणि ती भरली की खाली उतरणारी साधी पानेही अडकतात. डबा चांगला, पॉनचा दिवा स्थिर, राउटरचे पान चटकन उघडते, तरी इंटरनेट जड: अशा वेळी कॅमेरे काही मिनिटे बंद करून पाहावे. फरक पडला तर चित्रण मेमरी कार्डावर ठेवून फक्त हालचाल दिसल्यावरच पुढे पाठवण्याची निवड करावी. कॅमेऱ्यांचा संबंध नसेल आणि राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरही रोज रात्री ठरावीक वेळी वेग पडत असेल, तर ती कंपनीच्या बाजूची गर्दी आहे, आणि तिच्यावर घरात उपाय नाही.

लाल दिवा आणि फायबर

एलओएस नावाचा दिवा लाल झाला की फायबरमधून प्रकाश येत नाही. झावळ पडलेली असते, वानरांनी केबलला लोंबकळून ती ओढलेली असते, किंवा खांब कलंडलेला असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळांत विजेचे खांबच आडवे झाले होते, आणि फायबर अनेक ठिकाणी त्याच खांबांवरून जाते. लाल दिवा असताना राउटर बंद-चालू करून काही होत नाही. सर्वांत घातक म्हणजे डब्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून रीसेट करणे. त्याने कंपनीने भरलेले नाव, पासवर्ड आणि मांडणी पुसली जाऊ शकते, आणि मग केबल जोडून झाल्यावरही इंटरनेट येत नाही. हिरव्या टोकाची फायबर काढून तिच्यात डोकावू नये. तिच्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरी तो लेझरच असतो. भिंतीच्या कोपऱ्यावर तिला काटकोनात मोडून खिळा ठोकू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

अधिक त्रासदायक आहे तो अर्धवट बिघाड, ज्यात दिवा लाल होत नाही पण जोराचा पाऊस आला की जोडणी तुटते आणि ऊन पडले की जुळते. बाहेरच्या सांध्यात पाणी शिरल्याची किंवा टोक मळल्याची ही खूण असते. डब्याच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती डीबीएममध्ये दिलेली असते, आणि ती ऋण आकड्यात असते, म्हणून शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. घरगुती फायबरच्या नेहमीच्या, जीपॉन प्रकारच्या डब्यांना सुमारे −२७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो, आणि दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे कोरड्या दिवशी −२४ असलेली जोडणी पावसात तेवढ्याच एका उतारावर कडेला पोहोचते. हा आकडा कोरड्या दिवशी एकदा आणि संततधार पावसात एकदा, तारीख-वेळेसह कागदावर लिहून ठेवावा. त्याच कागदावर ग्राहक क्रमांक आणि जोडणीचे नाव-पासवर्डही असावेत.

तक्रार नोंदवताना नेट चालत नाही एवढेच सांगितले, तर पलीकडून राउटर बंद-चालू करायलाच सांगतात. त्याऐवजी राउटरचे पान उघडते, एलओएस लाल नाही, कोरड्यात शक्ती इतकी आणि पावसात इतकी, असे सांगावे. मग दुरुस्तीचा माणूस घरात राउटर पाहत न बसता खांबावरचा सांधा उघडतो. तो काम करून निघण्यापूर्वी शक्तीचा नवा आकडा त्याच्यासमोरच पाहून कागदावर उतरवावा, आणि तो पावसातल्या जुन्या आकड्याहून सुधारलेला नसेल तर तक्रार बंद करण्यास संमती देऊ नये.